नऊ वर्षं ज्यांच्याबरोबर नाईट केल्या, त्यांचीच व्यवस्थापक होऊ का?

सुरंगीचा वळेसर

नमस्कार मंडळी. इथे वाचते रोज, लिहितेय पहिल्यांदा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कणकवलीच्या अलीकडे एका वृद्धाश्रमात मी नऊ वर्षं सिस्टर आहे. बारावीनंतर एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला, मग लग्न, मग पोरं, पुढे शिकायचं राहूनच गेलं. आमच्याकडे ३८ आजी-आजोबा, त्यातले ११ अंथरुणावरचे. आम्ही चौदा जण: दोघी सिस्टर, आठ मावश्या, स्वयंपाकाला दोघी, एक माळी आणि एक ड्रायव्हर, जो पंपापासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळंच बघतो. वर एक व्यवस्थापक सर. सर आता मुलाकडे पुण्याला चाललेत. विश्वस्त सगळे मुंबईचे, मे महिन्यात नि गणपतीत येणारे. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला, "आता तूच बघ, बाहेरचा माणूस टिकत नाही." पगार १४,५०० वरून २१,०००.

घरात सगळे खूश. नवऱ्याची रिक्षा आहे, त्याचं म्हणणं खुर्ची मिळतेय तर बस. मला मात्र झोप नाही.

हिशेबाचं भय आहेच, पण ते शिकता येईल. अवघड वेगळंच आहे. ज्या मावश्यांबरोबर मी एका डब्यात जेवले, ज्यांच्याबरोबर रात्री तीन वाजता आजोबांची चादर बदलली, त्यांना मी उद्या "तुमची रजा मंजूर नाही" कसं सांगू? एक मावशी काल हसत हसतच म्हणाली, "बाय, आता तू सायबीण झालंस." हसली खरी, पण त्यानंतर माझ्यासमोर मोबाईल पदराआड धरायला लागली.

आणि एक गोष्ट आहे, जी मी कुणाला सांगितलेली नाही. इथे नाव नाही म्हणून लिहिते.

गेल्या आषाढात रात्री एक आजी न्हाणीघरात पडल्या. बायकांच्या बाजूला मावशी एकटीच, १९ जणींवर. ती दुसऱ्या आजींना बदलत होती. आवाज आला तशी धावली, आजींना उचललं, झोपवलं. सकाळी मी ड्यूटीवर आले तर मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, लिवू नकात. माझो पगार कापतले." कारण आमच्याकडे पद्धत अशी की कुणी पडलं की त्या पाळीच्या मावशीचा दोन दिवसांचा पगार जातो. तिला तीन पोरं, नवरा दारूत. मी नाही लिहिलं. आजी दोन दिवस कण्हत होत्या, तिसऱ्या दिवशी पाय टाकेनात. एक्सरे काढला तर खुब्याचं हाड मोडलेलं. मुंबईहून मुलगा आला, "कधी पडली?" म्हणून विचारलं. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, आज सकाळी. मीही सांगितलं.

आजी आहेत अजून, पण चालत नाहीत. मी रोज त्यांना पेज भरवते नि त्या मला "देव तुझा बरा करो" म्हणतात.

तर प्रश्न असा: मला ही जागा घेण्याचा अधिकार आहे का? घेतली तर सुरुवात कुठून करू? आणि एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री, नसताना या कामात पुढे काही वाट असते का, की इथेच शेवट?

काजूबोंडू

ताई, जागा घ्या. पण आधी कागद घ्या. फोनवरचा पगार हा फोनवरच राहतो. माझ्या बहिणीला एका संस्थेत "तूच इन्चार्ज" म्हणून दोन वर्षं राबवलं, पगार तोच. विचारलं तर म्हणे, सेवा आहे ही. सेवा तिने केली, फोटो त्यांचे आले.

जुना रहाट

बाय, तुझं वाचलं नि चहा गार झाला.

मी दापोलीकडच्या एका आश्रमात सतरा वर्षं व्यवस्थापक होते. आता निवृत्त, गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे. तुला 'तू' म्हणते, रागावू नको. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या त्या आषाढातच आहे, म्हणून तिथूनच धरते.

पडल्यावर पगार कापायचा हा नियम मलाही वारशात मिळाला होता. कुण्या हुशार माणसाने सुरू केला असेल, वाटलं असेल की मावश्या जाग्या राहतील. झालं काय, तर मावश्या जाग्या राहिल्या त्या वही लपवायला. मी आले त्या वर्षीच्या वहीत पडल्याच्या नोंदी होत्या दोन. चाळीस म्हातारी माणसं, ओल्या फरश्या, कोकणातला पाऊस, आणि वर्षात दोन? मला तेव्हाच कळायला हवं होतं, कळायला सहा महिने लागले.

मग मी काय केलं ते सांगते. सगळ्यांना पडवीत बसवलं, कोरा चहा नि बटर दिले, आणि म्हटलं, आजपासून पडल्याबद्दल एक पैसा कापला जाणार नाही. न लिहिल्याबद्दल मात्र मी विचारीन. कुणी विश्वास ठेवला नाही. एक बाई पुटपुटली, "पहिल्या तारखेला कळेल." पहिल्या तारखेला पगार पुरा आला, तेव्हा नोंदी यायला लागल्या. तीन महिन्यांत अकरा. विश्वस्तांचा फोन, "तुम्ही आल्यापासून माणसं पडायला लागली!" मी म्हटलं, आधीही पडत होती, आता दिसायला लागली.

आता खरी गंमत ऐक. त्या अकरा नोंदी मी एका कागदावर वेळेप्रमाणे लावल्या. आठ नोंदी रात्री अकरा ते दोनमधल्या, आणि आठही न्हाणीघराच्या वाटेवर. म्हातारी माणसं एवढ्या रात्री का उठतात? लघवीला. त्यातल्या पाच जणांना पायाच्या सुजेसाठी लघवी होण्याची गोळी चालू होती, आणि ती आम्ही देत होतो रात्रीच्या जेवणाबरोबर, कारण औषधाचं ताट तेव्हा फिरायचं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अहो ती सकाळी द्यायची. वर्षानुवर्षं आम्ही संध्याकाळी देत होतो! वेळ बदलली, न्हाणीच्या वाटेवर रात्रभराचा बारका दिवा लावला, काठाला पकडायला पाईप ठोकला. पुढच्या तीन महिन्यांत चार नोंदी.

ती मावशी झोपली असती काय नि जागी असती काय, गोळी तीच होती ना? पगार कापून आम्ही काय शोधलं असतं?

तेव्हा अधिकाराचं म्हणशील तर, जिने लपवलं आणि जिला ते खुपतंय तिलाच कळतं की माणूस का लपवतो. बाहेरून आलेल्याला ते कळायला मला लागले तेवढे सहा महिने लागतील. पण एक अट. ती नोंद तुला करावी लागेल, आणि त्या मुलाला सांगावं लागेल. कधी, कसं, ते तू ठरव. विश्वस्तांना आधी सांग, त्यांना मुलाकडून कळता कामा नये.

आता मावश्यांचं. मैत्री तुटेल या भीतीने तू पहिले दोन महिने सगळ्या रजा मंजूर करशील, मीही केल्या. मग लावणी येईल. जून-जुलैत आमच्या निम्म्या बायका शेतात असायच्या, आणि त्यांचं चुकतही नव्हतं, वर्षाचा भात त्यावर. गणपतीत तर आठच्या आठ जणींना घरी जायचं असतं आणि नेमकं तेव्हाच आश्रमात पाहुण्यांची गर्दी. मी शेवटी चिठ्ठ्या टाकायला लागले, एप्रिलमध्येच, सगळ्यांसमोर, एका आजींच्या हाताने उचलायच्या. ज्यांना गणपती मिळाला त्यांना शिमगा नाही, आणि उलट. माझी चिठ्ठीही त्यातच. सतरा वर्षांत सहा गणपती मी आश्रमात काढले. मावश्यांना हे दिसतं. भाषणापेक्षा ते पुष्कळ पुरतं.

आणि रात्रीच्या पाळीला १९ जणींवर एकटी बाई, हे तू पहिल्याच बैठकीत विश्वस्तांपुढे मांड. "माणूस वाढवा" असं मोघम म्हणू नको. अंथरुणावरच्यांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे त्यांना माहीत असतंच असं नाही. तू हिशेब करून दाखव: बायकांच्या बाजूला समज सहा जणी अंथरुणावरच्या, प्रत्येकीला दहा मिनिटं, म्हणजे दोन तासांतला तास गेला. उरल्या तासात बाकीच्या तेरा जणींचं डायपर, पाणी, खोकला, घाबरणं. असं मांडलं की मुंबईच्या माणसालाही समजतं, तिथे लोकलचं टाइमटेबल असतंच.

एकदा एक पुतण्या आला, हातात स्टॅम्पपेपर. काकूला विसरण्याचा आजार, तिला सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नाही, आणि हा म्हणतो, "फक्त अंगठा हवाय, सातबाऱ्याचं काम आहे." बागेची वाटणी, सहहिस्सेदार बारा, हे काही तुला सांगायला नको. मी म्हटलं, डॉक्टरांचं पत्र आण की यांना व्यवहार कळतो, मग बघू. बाहेर जाऊन माझ्या नावाने ओरडला. भेटवहीत मी वेळ नि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलं. दीड वर्षाने ते पान कोर्टात कामाला आलं. म्हणून सांगते, वही.

वादळाचं पण लिही कुठेतरी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे कौलं उडाली, वीज गेली ती सव्वीस दिवस. जनरेटर होता, डिझेल कुठून आणणार, रस्त्यावर माड आडवे. बोअरचा पंप बंद. वाचवलं कुणी, तर जुन्या विहिरीने. रहाट होता पण दोर कुजलेला, शेजारच्या वाडीतून दोर आणला. माझ्या इथल्या नावाचा उगम तो. मे महिन्यातच बघून ठेव: दोर, बादल्या, गॅसबत्ती, महिन्याची औषधं, डायपरचे दोन खोके जास्तीचे.

दमले. बाकीचं उद्या.

सडेकर

रहाटकाकूंनी माणसांचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. रत्नागिरीत लेखापरीक्षकाच्या ऑफिसात वीस वर्षं काढली, संस्थांची खाती बघतो.

एक. नवीन जागेसाठी राजीनामा देऊन नवीन नेमणूक, असं कुणी म्हटलं तर सही करू नका. "आहे त्या सेवेत बढती" असंच पत्र हवं, रुजू झाल्याची मूळ तारीख त्यात हवी. कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम. पाच वर्षांच्या वर सलग सेवा झाली की हक्क लागतो आणि ती मोजतात शेवटच्या पगारावर: मूळ पगार नि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १४,५०० पूर्ण मूळ धरला तर नऊ वर्षांचे साधारण ७५ हजार होतात. २१,००० वर तेच नऊ वर्षांचे १ लाख ९ हजार. सेवा तोडली की हा फरक गेलाच, आणि घड्याळही शून्यापासून. पत्रात मूळ पगार किती आणि भत्ते किती ते वेगळं लिहून घ्या, बरेच जण मूळ मुद्दाम बारीक ठेवतात.

पीएफची सक्ती २० माणसांना लागते, तुम्ही पंधरा, तेव्हा तो आग्रह मान्य होईल न होईल. पण दहाच्या वर माणसं असल्याने लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती तुमच्याकडे असायलाच हवी. २०१३ चा कायदा आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई लागते, म्हणजे बहुतेक तुम्हीच. बाहेरची एक सदस्यही लागते. बोर्डावर नावं लावलेली आहेत का बघा. नसतील.

रोकड. गणपतीत चाकरमानी येतात, आईच्या स्मरणार्थ म्हणून पाकीट देतात आणि "८० जी ची पावती द्या" म्हणतात. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर देणाऱ्याला ८० जी ची, म्हणजे दानावरची आयकरातली, सूट मिळत नाही. नम्रपणे चेक किंवा यूपीआय मागा. तुमच्या खर्चाच्या बाजूनेही एका माणसाला एका दिवसात १०,००० वर रोख देऊ नका. किरकोळ रोख रोज रात्री मोजून वहीत उतरवायची, पाच रुपये कमी असले तरी "कमी ५" लिहायचं. आपल्या खिशातून घालून जुळवू नका. जुळवणाऱ्यांचेच पुढे वांधे होतात, हे मी पाहिलंय.

आणि सर जायच्या आधी त्यांच्याकडून लेखी चार्ज घ्या. कपाटाच्या किल्ल्या, बँकेच्या सह्या, आजी-आजोबांचे दागिने नि पासबुकं ठेवून घेतली असतील तर त्यांची यादी, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. हे केल्याशिवाय खुर्चीला हात लावू नका.

किनारपट्टी ०७

मी उलट सांगणार. नका घेऊ.

विश्वस्त मुंबईत, माणसं गावात, मधे तुम्ही. चांगलं झालं तर त्यांच्या वार्षिक अहवालात, वाईट झालं तर तुमच्या नावावर. पोलीस आले तर व्यवस्थापकाला बोलावतात, विश्वस्तांना नाही. मी चार वर्षं केलं, साखर घेऊन बाहेर पडलो. मिठाई नव्हे, मधुमेह. आता आंब्याच्या पेट्या भरतो, आंबा निदान रात्री फोन करत नाही.

घेणारच असाल तर खर्चाचा अधिकार किती ते ठरवून घ्या. मला अडीचशे रुपयांचा बल्ब आणायला फोन करावा लागायचा.

जुना रहाट

@किनारपट्टी ०७, हे बाकी खरं. मी ५,००० पर्यंतचा अधिकार ठरावात लिहून घेतला होता. इतिवृत्ताची झेरॉक्स कपाटात. आणि रात्रीच्या अडचणीला दवाखान्यात न्यायचा अधिकार कुणाला न विचारता. १०८ ला फोन करायला विश्वस्त लागत नाही.

आणि मुलाबाळांनी टाकून दिलेल्यांचं राहिलं काल. २००७ चा आईवडील नि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे ना, त्यात प्रांताकडे अर्ज करता येतो, महिना १०,००० पर्यंत पोटगी मिळू शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतलं नि मग सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्दही होतं, मात्र ती अट कागदात असावी लागते. निम्म्या आजींना हे ठाऊक नसतं. ठाऊक झालं तरी पोराविरुद्ध अर्ज करायला त्या तयार नसतात, तो भाग निराळा. मी सतरा वर्षांत तिघींचे अर्ज लिहिले. तिघींपैकी एकीने आदल्या रात्री फाडला. तू फक्त सांगायचं, ढकलायचं नाही. १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरात लाव.

पायवाट

शिक्षणाचं मी सांगते. मी एमएसडब्ल्यू आहे, बालसंरक्षणात काम करते, याच जिल्ह्यात.

विश्वस्तांनी डिग्री मागितली नाही, म्हणजे या खुर्चीला ती आड येत नाही. पुढच्या खुर्चीला येईल. मोठ्या संस्थेतल्या प्रकल्प समन्वयकाच्या, कंपन्यांच्या सीएसआरमधल्या, म्हणजे त्यांच्या समाजकामाच्या विभागातल्या, जाहिराती काढून बघा, "एमएसडब्ल्यू" पहिल्याच ओळीत असतं. टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, ही मोठी नावं, पण दोन लेकरं नि नोकरी सोडून तुम्ही तिकडे जाणार नाही. तुमच्यासाठी वाट मुक्त विद्यापीठाची. एमएसडब्ल्यूला आधी पदवी लागते, ती बारावीवर नोकरी सांभाळून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून करा. मग इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे. क्षेत्रकार्य असतं त्यात, आणि तुमच्याकडे क्षेत्र नऊ वर्षं घरासमोरच आहे.

म्हणजे पाच-सहा वर्षं. लांब वाटतं. पण ती वर्षं तुम्ही खुर्चीत बसूनच काढाल, रिकामी नाही.

दुसरं, फक्त वृद्धाश्रमात अडकू नका. ज्याला निवासी संस्था चालवता येते त्याला बालगृह, दिव्यांगांचं वसतिगृह, निराधार महिलांचं वसतिगृहही चालवता येतं, कायदे मात्र वेगळे शिकावे लागतात. मुलांच्या बाबतीत २०१५ चा बाल न्याय कायदा अगदी कडक आहे: सापडलेलं मूल २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि नोंदणीशिवाय बालगृह चालवणं गुन्हा आहे. वृद्धाश्रमात "आपला माणूस" म्हणून चालून जातं ते तिथे चालत नाही. मला व्यक्तिशः वाटतं की म्हाताऱ्यांच्या बाबतीतही चालून जायला नको, पण असो.

काम मात्र कमी होणार नाही. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी नि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. तरणी माणसं मुंबईला, घरांना कुलपं, मागे म्हातारी. आपल्या वाडीत बघा, किती चुली पेटतात संध्याकाळी.

परतीचा पाऊस

मूळ मालवण तालुका, सध्या इंग्लंडात, लेस्टरजवळ एका केअर होममध्ये. केअरर म्हणून आलो, सीनियर झालो, आता डेप्युटी मॅनेजर. इथली शिडी सरळ आहे: केअरर, सीनियर, टीम लीडर, डेप्युटी, मग रजिस्टर्ड मॅनेजर. त्या शेवटच्या माणसाचं नाव सीक्यूसी नावाच्या सरकारी तपासणी संस्थेकडे नोंदवलेलं असतं, आणि बोट त्याच्याकडेच दाखवतात. त्यासाठी लेव्हल ५ चा डिप्लोमा करतात, नोकरी करता करता, माझाही चालू आहे. बऱ्याच रजिस्टर्ड मॅनेजर बायकांनी सुरुवात चादरी बदलण्यापासूनच केलेली असते. तेव्हा "मावश्यांमधली मॅनेजर" यात इथे कुणाला नवल वाटत नाही.

रहाटकाकूंनी जे स्वतः शोधलं ते इथे नियमात लिहिलेलं आहे. पडलं की फॉर्म, मार लागला असेल तर घरच्यांना खरं सांगणं आणि माफी मागणं, हे कायद्यानेच बांधलेलं आहे. मला पहिल्यांदा एका मुलीला फोन करून "तुमचे वडील आमच्या चुकीने पडले" असं सांगावं लागलं तेव्हा हात थरथरत होते. ती म्हणाली, थँक यू फॉर टेलिंग मी. आपल्याकडे असं म्हणतील की नाही, सांगता येत नाही. शिव्याही पडतील.

एक गोष्ट लगेच लागू करा, खर्च शून्य: पाळी बदलताना दहा मिनिटं दोन्ही पाळ्या उभ्या राहून प्रत्येक माणसाबद्दल बोलतात. जेवला का, शौचाला झालं का, रात्री काय म्हणाला. जाणारी बोलते, येणारी लिहिते. उलट नको. येणारी लिहिते म्हणजे तिने ऐकलं हे कळतं.

आणि कुणी एजंट भेटला नि म्हणाला "केअरर म्हणून यूकेला पाठवतो, सात लाख द्या", तर दारातूनच घालवा. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवीन केअरर आणण्याचा तो व्हिसा बंद झालाय. आमच्या गावात दोघांनी बागा गहाण ठेवलेल्या आहेत.

सुरंगीचा वळेसर

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. काकू, तुमचं मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो एवढंच म्हणाला, "गोळीचा टाइम बघितलास तुमच्याकडचा?" बघितला. दोघांना संध्याकाळी सात वाजता. डॉक्टरांना विचारून शुक्रवारपासून सकाळी केली.

विश्वस्तांतल्या एका बाई जरा ऐकणाऱ्या आहेत, त्यांना आधी फोन केला. आषाढातलं सगळं सांगितलं. बराच वेळ त्या गप्प होत्या, मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाल्या, "पगार कापायचा नियम ठरावात आहे का?" नव्हता. सरांनीच सुरू केला होता. पुढच्या बैठकीत तो बंद झाल्याचं लिहून देणार म्हणाल्या.

मुलाला मी काल फोन केला. मावशीचं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून लपवलं गेलं आणि त्यात मी होते" असं सांगितलं. तो चिडला. खूप बोलला, ते इथे लिहीत नाही, त्याचा हक्क आहे. शेवटी विचारलं, "आईला दुखत होतं का त्या दोन दिवसांत?" मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला. गणपतीत येईल तेव्हा समोर बसावं लागेल.

मावशीला सांगितलं तर ती आधी रडली, मग भांडली, मग विचारलं, "माका काढतलंस?" नाही म्हटलं. दोन दिवस बोलली नाही. आज रात्रीच्या पाळीला आली तेव्हा हातात शंभर पानी वही होती, बाजारातून स्वतःच्या पैशांनी आणलेली, वर बेगडी कव्हर, हळदीकुंकू लावलेलं. म्हणाली, "हेच्यात लिवूया." पहिलं पान मी लिहिलं, आषाढातलं. वर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून आजची तारीख घातली. तिने सही केली, मी केली.

बारा रुपये तिला व्हाउचरवर परत दिले, सडेकरदादा. घेत नव्हती.

बढतीचं पत्र अजून आलेलं नाही. मूळ पगार किती लिहितायत बघून इथे विचारीन.